जळलेलं बारावं टोक

बाणाचं ते टोक जळलं त्याला जबाबदार दयानंद केळुसकर, आणि दयानंद केळुसकरांना जबाबदार त्यांची मान. हात चाकावर होता आणि मान दाराकडे वळली होती.

आखातात, रुसैलच्या औद्योगिक वसाहतीत, मागच्या एका गल्लीत, धार लावायचं वर्कशॉप आहे. गोल करवती, रंध्याची पाती, छापखान्यातल्या कागद कापायच्या लांबलचक सुऱ्या, खाटकांचे सुरे असं सगळं तिथे तोंड पाडून येतं आणि दात विचकत परत जातं. त्या दिवशी जेवणाची सुट्टी होती. शटर अर्धं खाली ओढलेलं. दयानंद बेंच ग्राइंडरच्या कोरड्या चाकाला बाणाचं एक टोक नुसतं टेकवून बघत होते. तेवढ्यात शटरखालच्या फटीतून त्यांना पांढऱ्या पिकअपची दोन चाकं दिसली. गाडी थांबली का, आणि थांबली तर तिच्यातून कोणी उतरत का नाही, याचा विचार करण्यात ग्राइंडरला हवा तेवढा वेळ मिळाला. चाकाचा सूर बदलला तेव्हा त्यांनी मान वळवली. टोकाची अणी गवतासारखी पिवळी होऊन गेली होती, जांभळी होऊन गेली होती, आणि आता मोराच्या मानेसारखी निळीशार होऊन त्यांच्याकडे बघत होती. पोलादाचं पाणी एकदा असं उतरलं की धार लागते, पण दोन घावांत बसते.

पिकअपमधून पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या पोचवणारा उतरला, बाटली ठेवून गेला.

‘पातळ धार कोरड्या चाकावर न्यायची नाही’ हे वाक्य दयानंदांनी इतक्या पोरांना इतक्या वेळा ऐकवलंय की पोरं ते जेवताना एकमेकांना म्हणून दाखवतात. त्यामुळे झाल्या प्रकाराला साक्षीदार नव्हता हे बरंच झालं. दयानंदांनी जळकं टोक खिशात टाकलं आणि उरलेली अकरा मोजून बघितली, जणू तीही कोणी जाळली असतील.

केळुसकर हे मूळचे वेंगुर्ल्याजवळच्या केळूसचे. स्वभावानं संशयी. म्हणजे लोक म्हणतात संशयी, त्यांच्या मते ते फक्त बघून घेतात. बायकोशी, मनालीवहिनींशी, व्हिडिओ कॉलवर बोलताना आधी गॅसचं बटण दाखवायला लावतात, मग ख्यालीखुशाली. मालकानं, म्हणजे अर्बाबनं, ईदेला हलव्याचा डबा दिला तर पहिला घास मुनीरभाईंना भरवतात आणि थोडा वेळ थांबतात. चाकावरचं कवच रोज सकाळी हलवून बघतात, कारण काल ते घट्ट होतं यावर आज विसंबून कसं चालेल. त्यांचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत तुळतुळीत आहे. प्रत्येक धार ते तिथे केस भादरून तपासतात. उजवा हात मात्र अस्वलासारखा. नवीन माणसाला वाटतं की काकांना काही त्वचेचा आजार असावा, आणि तो हात मिळवायला कचरतो. दयानंदांना हे सोयीचं पडतं.

या माणसाच्या पुढ्यात एके दिवशी बाणाची बारा टोकं आली, आणि तीही चोरट्यासारखी.

आणली मुनीरभाईंनी. मुनीरभाई हर्णैचे, काउंटर सांभाळतात, गिऱ्हाइकांशी अरबीत बोलतात, आणि दयानंदांशी एका खोलीत राहून अजून शुद्धीवर आहेत, हा त्यांचा सर्वांत मोठा गुण. त्यांनी हलव्याचा रिकामा डबा मशीनजवळ आणला, उघडला, आणि आतलं एक टोक सरळ दयानंदांच्या तळहातावर ठेवलं. इथेच निम्मं बिनसलं. धारेची वस्तू हातातून हातात द्यायची नाही, खाली ठेवायची आणि समोरच्यानं उचलायची, नाहीतर भांडण लागतं, हे केळूसच्या शेंबड्या पोराला कळतं. दयानंदांनी टोक खाली ठेवलं, पुन्हा उचललं. पण भांडणाला तेवढा वेळ पुरला असावा.

तीन पात्यांचं टोक होतं. बाणाच्या दांड्यावर पिळून बसवायचं. खेळातल्या बाणांना अशी टोकं नसतात. हे जनावराच्या बरगड्यांतून आरपार जाण्यासाठी केलेलं काम, हे बघताक्षणी कळत होतं. दयानंदांनी गिऱ्हाइकाचं नाव विचारलं. मुनीरभाई म्हणाले, खल्फान. बिल कोणाच्या नावानं? बिल नको म्हणालाय. अर्बाबला माहीत आहे? अर्बाबला सांगायचं नाही म्हणालाय. येणार कधी? जेवणाच्या सुट्टीत, शटर खाली असताना.

दयानंदांनी हातातलं टोक डब्यात ठेवलं आणि डब्याचं झाकण लावलं.

कारण या मुलखात हरणाला हात लावणं म्हणजे काय, हे प्रत्येक कामगाराला ठाऊक असतं. शिकार करणारा आत जातो. आणि त्याच्या बाणांना धार लावून देणारा परदेशी माणूस? त्याला दुसरी चप्पल घालायलाही वेळ न देता विमानात बसवून परत पाठवतील, असं दयानंदांचं ठाम मत. त्यात त्यांचा बताका, म्हणजे इथे राहण्याचं कार्ड, पुढच्या महिन्यात संपत होता. रोज ते अर्बाबला आठवण करायचे, अर्बाब रोज म्हणायचा, ‘बुक्रा, इन्शाल्ला.’ उद्या, देवाची इच्छा असेल तर. या दोन शब्दांवर दयानंदांचा जितका अविश्वास होता तितका चिनी बेअरिंगवरही नव्हता. लेक रेवा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. ती पास होईपर्यंत हे चाक आणि हा स्टूल टिकला पाहिजे, एवढंच त्यांचं मागणं होतं. आणि ते आता एका हलव्याच्या डब्यात अडकलं होतं.

तरी काम नाकारलं नाही. नाकारलं तर खल्फान दुसरीकडे जाईल आणि मग खरं काय ते कधीच कळणार नाही, हा दयानंदांचा हिशेब. काम करता करता बघायचं, असं ठरलं. त्या बघण्याच्या पहिल्याच दिवशी मान वळली आणि टोक जळलं.

त्यानंतर मात्र त्यांनी कोरडं चाक बंदच ठेवलं. पट्ट्याच्या मशीनवर पात्यांचे खड्डे हलकेच काढले, दर घासणीला टोक पाण्यात बुडवून. मग हातावरचं काम. टोक बाणाच्या एका तुटक्या दांडीवर पिळून बसवायचं, पात्यांच्या कडांवर मार्करची निळी शाई फासायची आणि दोन पाती एकदम सपाट दगडावर टेकवून ओढायची. शाई जिथून गेली तिथे दगड लागला, जिथे राहिली तिथे नाही. मग पुढची दोन पाती. मग बारीक दगड, मग चामड्याच्या पट्ट्यावर उलटी ओढ. हे करताना त्यांनी प्रत्येक पातं भिंगाखाली वाचलं. हाडाला लागलेली धार वळते, दगडाला लागलेली तुटते. इथे सगळीकडे तुटक्या खाचा होत्या. साध्या माणसानं म्हटलं असतं, बाण दगडावर आपटलेत. दयानंद म्हणाले, हरीण डोंगरात उभं होतं.

आणि मग सातव्या टोकाच्या खोबणीत त्यांना केस सापडला.

तपकिरी, राठ, बोटभर लांब. चिमट्यानं काढून त्यांनी तो आगपेटीत ठेवला. त्या रात्रीच्या जेवणात खोलीवर वादाला तोंड फुटलं. मुनीरभाईंनी आगपेटी उघडून बघितली, वास घेतला, आणि म्हणाले की असल्या गोष्टीचा निकाल लावणं सोपं आहे. पेटवून बघ, केस असेल तर जळल्याचा घाण वास सुटेल, नसेल तर नाही.

दयानंदांनी आगपेटी त्यांच्या हातून काढून घेतली. “पुरावो जाळूक सांगतस? म्हणजे तुका सगळा ठावक आसा.”

“मला काय ठाऊक असायचंय?”

“मगे सांग, तो खल्फान कोण?”

मुनीरभाई गप्प बसले. हेच दयानंदांना नको होतं. मुनीरभाई शिव्या देतात, टोमणे मारतात, माशाला मीठ कमी पडलं तर तासभर व्याख्यान देतात. पण गप्प बसत नाहीत. शेवटी ते एवढंच म्हणाले, “शब्द दिलाय दयानंद. तू सांगितलेलं मी कुणाला सांगत फिरतो का?”

वाक्य लाखाचं होतं, पण दयानंदांनी त्याचीही धार तपासली. ज्याला शब्द द्यावा लागतो त्याच्याकडे लपवण्यासारखं काहीतरी असतंच. त्यानंतर ते दोघं एकाच खोलीत, एकाच डाळीवर, दोन परक्या माणसांसारखे जेवू लागले. दयानंदांनी आगपेटी उशीखाली ठेवली. मुनीरभाईंनी चहा करायचा सोडला नाही, पण कप हातात देण्याऐवजी खाली ठेवायला लागले. “भांडण लागेल,” असं एकदा म्हणालेही. दयानंदांना हसू आलं होतं, पण त्यांनी ते दाखवलं नाही.

मग खंडेनवमी आली.

वर्कशॉपमध्ये हा दिवस हाजिरीच्या वहीत ‘मेंटेनन्स’ म्हणून लागतो. फोरमन रमण तामिळनाडूचा, त्याच्याकडे याच दिवशी आयुधपूजा. त्यामुळे मेंटेनन्सची कल्पना मूळ त्याचीच. तो चुरमुरे आणतो, दयानंद रुवीच्या बाजारातून झेंडू आणतात, आणि दुपारनंतर मशीनं पुसून, हळदकुंकू लावून, फुलं वाहून सगळे हात जोडतात. नियम एकच. पुजलेलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत उचलायचं नाही. अर्बाबला सगळं ठाऊक असतं. तो त्या दिवशी मुद्दाम सोहारला कामं काढतो.

खल्फान आपली टोकं न्यायला त्याच दुपारी येणार होता. दयानंदांना अजून छडा लागलेला नव्हता. मग त्यांनी असं काही केलं जे फक्त केळूसच्या संशयी माणसालाच सुचावं. ग्राइंडरशेजारी स्वच्छ फडकं अंथरून त्यांनी तयार झालेली अकरा टोकं ओळीनं मांडली, प्रत्येकावर ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं, आणि एक झेंडू मधोमध ठेवला. आता ती उद्यापर्यंत कोणाच्या बापाला उचलता येणार नव्हती. देवाच्या नावावर माल अडकवून ठेवल्याबद्दल त्यांनी मनात माफीही मागितली, असं ते सांगतात. रमणनं अकरा लाल टोकं बघितली आणि वर चुरमुरे टाकले.

खल्फान आला तो ठरल्यासारखा, शटरखालून वाकून. पांढरा पायघोळ डिशडाशा, तिशीचा तरतरीत गडी, पण नजर सारखी मागे वळणारी. मुनीरभाईंनी त्याला काउंटरशी अडवून सांगितलं की आज नाही, उद्या. त्यानं त्यांच्या खांद्यावरून आत बघितलं. फडक्यावर त्याची टोकं होती आणि प्रत्येकाच्या अणीवर लाल भडक ओलं काहीतरी होतं.

त्याचा चेहरा उतरला. तो दोन पावलं आत आला, हात न लावता वाकला, आणि सरळ हिंदीत विचारता झाला, “ये खून किसका है?”

दयानंद इतके दिवस जो प्रश्न तोंडात घोळवत होते, तोच समोरच्यानं आधी विचारला. हे त्यांना अजिबात आवडलं नाही. त्यांनी खिशातून आगपेटी काढली, उघडली, टेबलावर ठेवली.

“पहले तुम बोलो,” ते म्हणाले, “ये बाल किसका है?”

मग जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण दोघंही आवाज चढवायला घाबरत होते. खल्फानला वाटत होतं की या लोकांनी आपले बाण नेऊन कुठेतरी काहीतरी मारलंय, आणि बाण आपले म्हणजे जाणार आपण. दयानंदांना वाटत होतं की हा चोर उलटा कोतवाल होऊन आपल्यालाच विचारतोय. खल्फान कुंकवाकडे बोट दाखवायचा, दयानंद आगपेटीकडे. रमण मध्येच सांगायला लागला की ही पूजा आहे, पावडर आहे, तर खल्फाननं त्याच्याही कपाळाकडे संशयानं बघितलं. शेवटी मुनीरभाईंनी कुंकवाची पुडी आणली, स्वतःच्या बोटावर घेतली, खल्फानच्या नाकाशी धरली, आणि अरबीत बराच वेळ समजावलं. वर्षातून एक दिवस हे लोक हत्यारांना सुट्टी देतात आणि त्यांचे उपकार मानतात, एवढं दयानंदांना कळलं. मुनीरभाई हे इतक्या मायेनं सांगत होते की पूजा त्यांच्याच घरची वाटावी.

खल्फाननं श्वास सोडला. मग तो आगपेटीवर वाकला. केस उचलून उजेडात धरला. आणि पहिल्यांदा त्याच्या तोंडावर शिकाऱ्याऐवजी शाळेत पकडलेल्या पोराचा भाव आला. त्यानं सगळ्यांना बाहेर नेलं आणि पिकअपवरची ताडपत्री वर केली.

आत एक जुनी गादी गुंडाळून पडली होती. ठिकठिकाणी भोकं, आणि प्रत्येक भोकातून बाहेर आलेला तपकिरी, राठ, बोटभर लांब काथ्या.

दयानंद केळुसकरांचं बालपण काथ्यात गेलंय. आई नारळाची सोडणं कुटायची, ते खाडीत भिजवलेली सोडणं खांद्यावरून आणायचे, अंगाला तो वास आठवडाभर राहायचा. आंधळ्यानंही बोटांत धरून ओळखावा असा तो धागा. आणि त्यांनी तो चिमट्यात धरला, भिंगाखाली बघितला, उशाशी घेऊन झोपले, आणि प्रत्येक वेळी त्यांना हरीणच दिसलं. मुनीरभाईंनी त्यांच्याकडे बघितलं. बघितलं फक्त. पण त्या बघण्याला जी धार होती तिनं उजव्या हातावरचेही केस गेले असते.

बाकीचं खल्फाननं स्वतःच सांगितलं. तो अर्बाबचा धाकटा मेहुणा. घरातल्या पुरुषांची दक्षिण आफ्रिकेत शिकारीला जायची टूम निघाली होती, परवान्यासकट, वाटाड्यासकट, सगळं रीतसर. मजलिसमध्ये, म्हणजे घरच्या पुरुषांच्या बैठकीत, गप्पा रंगल्या असताना हा बोलून गेला की बंदूक काय कोणीही चालवतं, मी धनुष्यानं मारीन. तोवर त्यानं धनुष्य हातात धरलेलं नव्हतं. आता बरका गावाजवळच्या वडिलांच्या खजुराच्या बागेत तो दगडी भिंतीला गादी टेकवून चोरून सराव करत होता. त्यातले फार थोडे बाण गादीला लागत. बाकीचे भिंतीला. हे अर्बाबला कळलं असतं तर पुढची दहा वर्षं मजलिसमध्ये दुसरा विषय निघाला नसता, म्हणून बिल नको, शटर खाली, आणि मुनीरभाईंचा शब्द.

दयानंदांनी विचारपूर्वक मान डोलावली. भिंत. दगड. तुटक्या खाचा. धार खरंच बोलत होती. तिला गप्प करून ते स्वतःच बोलत बसले होते.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, खल्फान पुन्हा आला. दयानंदांनी अकरा टोकं त्याच्यासमोर खाली ठेवली, त्यानं ती उचलली. मग दयानंदांनी खिशातून निळं पडलेलं बारावं काढलं आणि सांगितलं की हे माझ्या हातून जळलं. घासून निळं काढता येईल, पण वजन घटेल आणि बाण तिरका जाईल. खल्फान म्हणाला की त्याचे सगळेच बाण तिरके जातात. मग हसून म्हणाला की घाई नाही, नवीन बनवून दे कधीतरी, एक तुझ्याकडे बाकी राहिलं.

ही बाकी दयानंदांच्या पायात काट्यासारखी रुतली. पुढच्याच आठवड्यात अर्बाबनं न मागता बताक्यावर सही केली. खल्फाननं काही सांगितलं का, की खरोखरच ‘बुक्रा’ उजाडला, हे त्यांना आजतागायत कळलेलं नाही, आणि कळत नाही म्हणून ते जास्त अस्वस्थ. रोज सुट्टीत ते करवतीच्या मोडक्या पात्यातून टोक घडवायला बसायचे. पट्ट्यावर आकार, कानशीनं कोपरे, दगडावर धार. सोनाराच्या काट्यावर तोलायचे. कधी हलकं, कधी जड, कधी वजन बरोबर तर अणी बाकदार. मुनीरभाई बाजूला बसून चहा प्यायचे आणि विचारायचे, “काथ्याचंच का नाही करत?”

महिन्याभरानं खल्फान परत आला तो अर्बाबबरोबर, शटर पूर्ण वर असताना, पुढच्या दारानं. हातात हलव्याचा भरलेला डबा. सगळं वर्कशॉप गोळा झालं. त्यानं शिकारीची हकिगत सांगितली. उंच गवत, वाऱ्याची दिशा, ताणलेली दोरी, मोठ्या शिंगांचं हरीण, एका बाणात खलास. अर्बाब अभिमानानं मेहुण्याच्या पाठीवर थाप मारत होता. फोटोत हरीण होतंच. कोणी मारलं ते फोटोत येत नाही.

मग खल्फाननं टोकं दयानंदांसमोर ठेवली. पुन्हा धार लावायला.

दयानंदांनी एक उचललं. डाव्या हातावर फिरवलं. नुकते कुठे उगवलेले दोन केस अलगद गळून पडले. दुसरं बघितलं, तिसरं बघितलं. सातव्याच्या खोबणीत, जिथे एकदा तो धागा अडकला होता, तिथे आत कोपऱ्यात खंडेनवमीचं कुंकू होतं तसंच बसलेलं. रक्तमांसातून गेलेल्या टोकात कुंकू राहत नाही. या बाणांनी डबा सोडला नव्हता.

त्यांनी मान वर केली. खल्फान त्यांच्याकडेच बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर तोच भाव, ताडपत्री वर करताना होता तो.

अर्बाबनं कौतुकानं विचारलं, “क्या दयानंद, बहुत खराब हुआ?”

आयुष्यात कधी धारेबद्दल खोटं न बोललेल्या माणसानं हातातलं टोक उलटसुलट करून पाहिलं. मुनीरभाईंनी चहाचा कप अर्ध्यात थांबवला.

“हां अर्बाब,” दयानंद म्हणाले. “बहुत घिस गया.” आणि त्यांनी सातवं टोक चामड्याच्या पट्ट्यावर, गरज नसताना, चांगलं जोर लावून चार वेळा ओढलं.

अर्बाब फोनवर बोलत बाहेर गेला. खल्फान निघता निघता बाकाजवळ वाकला. आभार वगैरे मानले नाहीत. भिंतीवर खिळ्याला टांगलेल्या निळ्या टोकाकडे बघितलं, त्याखाली पडलेल्या फसलेल्या नमुन्यांच्या ढिगाकडे बघितलं, आणि हळूच विचारलं की ते बारावं कधी?

दयानंदांनी काट्याकडे पाहिलं, कानशीकडे पाहिलं.

“बुक्रा,” ते म्हणाले. आणि थोडं थांबून, “इन्शाल्ला.”